डेटाबेसवर चालणारी साइट गुगलला दिसावी म्हणून काय करायचं

समजा, ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये बेअरिंगचं दुकान आहे. डेटाबेसमध्ये साडेचार हजार नग, साइट दिसायला झकास, वर मोठा सर्च बॉक्स. गिऱ्हाइकाने नंबर टाकला की माल समोर. पण तोच नंबर गुगलवर टाकला तर दुकानाचा पत्ताच नाही. गुगलकडे या साइटची पानं आहेत ती एवढीच: होम, आमच्याविषयी, संपर्क आणि कधीकाळी टाकलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा.

साइट नव्याने सांभाळायला घेतली की बहुतेकांच्या हातात असंच काहीतरी पडतं. खालच्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला स्वतःला करता येतील. काहींसाठी ज्याने साइट बनवली त्याला फोन करावा लागेल, पण निदान त्याला नेमकं काय सांगायचं ते कळेल.

मुळातली अडचण साधी आहे. गुगलबॉट म्हणजे गुगलसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम; तो एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जातो, सर्च बॉक्समध्ये ६२०५ असा बेअरिंगचा नंबर टाइप करून काय निघतं ते पाहत बसत नाही. जुन्या दुकानात सगळा माल काउंटरमागे असतो, मागाल ते काढून देतात. बॉट हे तोंडाने काहीच न मागणारं गिऱ्हाईक आहे. काही साइटींवरचे फॉर्म आपण भरून पाहतो, असं गुगलने २००८ मध्ये जाहीर केलं होतं खरं, पण त्या भरवशावर धंदा करू नये. डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता हवा आणि त्या पत्त्यापर्यंत लिंकांनी जाता यायला हवं. पुढे जे काही आहे ते याच दोन गोष्टींसाठी.

पायरी १: गुगलला आज काय दिसतंय ते बघा

सर्च कन्सोल हे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन, आणि ते फुकट आहे. डोमेनच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावाची इंटरनेटवरची नोंदवही) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकली की साइट तुमची असल्याची खात्री पटते. मग ‘पेजेस’चा अहवाल उघडा: किती पानं इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या यादीत, आहेत, किती नाहीत, आणि का नाहीत. गुगलवर रोमन अक्षरांत ‘साइट’ शब्द, अपूर्णविराम आणि डोमेन टाकून येणारा आकडा लोक एकमेकांना दाखवतात. तो ढोबळ असतो, त्यावर वाद घालू नका.

दुसरी तपासणी दोन मिनिटांची. एखाद्या बेअरिंगचं पान उघडा आणि कंट्रोल-यू दाबून पानाचा मूळ सोर्स बघा. त्यात नंबर, मापं, वर्णन सापडलं तर उत्तम. नुसताच स्क्रिप्टचा गोळा दिसला, तर मजकूर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने भरला जातोय. गुगलबॉट जावास्क्रिप्ट चालवतो, २०१९ पासून ताज्या क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर, चालवतो. पण आधी पान आणायचं आणि ते चालवून बघायचं काम मागाहून, अशी त्याची रीत आहे. इतर बॉट इतकीही तसदी घेतीलच असं नाही. म्हणून नोंदीचा मजकूर सर्व्हरवरूनच तयार होऊन येऊ द्या.

पायरी २: एक नोंद, एक पत्ता, तोही न बदलणारा

पत्त्यात प्रश्नचिन्ह असलं की गुगल पान घेत नाही, ही समजूत अजून फिरत असते. तसं काही नाही. ‘प्रॉडक्ट?आयडी=४१२’ हा पत्ताही इंडेक्स होतो. ‘/बेअरिंग/६२०५-झेडझेड’ असा पत्ता माणसाला वाचता येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर कळतो, म्हणून तो बरा, इतकंच. (इथे पत्ते देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत असतील.)

खरा घोळ वेगळाच असतो. छोट्या दुकानांत माल टॅलीत असतो. टॅलीतून एक्सेल निघतं, आणि दर आठवड्याला कुणीतरी ते एक्सेल साइटवर चढवतं. चढवणारी स्क्रिप्ट सोयीसाठी जुनं टेबल रिकामं करते आणि नव्याने भरते. त्यात आयडी आपोआप एकपासून सुरू होतात. एक्सेलमध्ये मधेच चार नवे नग आले की त्याखालच्या प्रत्येक मालाचा आयडी चारने सरकतो. परवापर्यंत ४१२ वर ६२०५ होतं, आज तिथे ६२०४ आहे. गुगलने जे वाचून ठेवलं होतं ते खोटं ठरतं आणि गिऱ्हाईक भलत्याच पानावर उतरतं. बाहेरून बघणाऱ्याला साइट अगदी ठीक दिसते, त्यामुळे हे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

उपाय असा: पत्ता आयडीवर न ठेवता मालाच्या स्वतःच्या ओळखीवर ठेवा. बेअरिंगला नंबर असतो, पुस्तकाला दाखल क्रमांक, फ्लॅटला प्रकल्प आणि युनिट. स्क्रिप्टला सांगा की असलेली नोंद सुधार, नसेल तर नवी घाल, टेबल मात्र पुसू नको. आणि पत्ता बदलायचीच वेळ आली तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ असं सांगून पाठवणारं वळण.

एकाच मालाला दोन पत्ते मिळणार नाहीत हेही पाहा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, शेवटी तिरकी रेघ असलेला आणि नसलेला, मोठ्या अक्षरातला आणि लहान अक्षरातला: यंत्राच्या हिशोबी हे सगळे निराळे. एक रूप ठरवा, बाकीच्यांना तिथे वळवा, आणि पानाच्या हेडमध्ये कॅनॉनिकल लिंक द्या, म्हणजे ‘या पानाचा खरा पत्ता हा’ असं सांगणारी ओळ. कॅनॉनिकलची सोय गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये मिळून आणली. ती सूचना आहे, हुकूम नाही. गुगलला पटलं नाही तर तो दुसरा पत्ता निवडतो. सेशन आयडी, म्हणजे प्रत्येक भेटीला मिळणारा वेगळा क्रमांक, पत्त्यात येत असेल तर तो आधी कुकीमध्ये हलवा, नाहीतर बॉटला दर खेपेला नवीच साइट भेटते.

पायरी ३: नोंदीपर्यंत रस्ता

इथे लिंक म्हणजे खरी लिंक: एचटीएमएलचा अँकर टॅग आणि त्यात पुढचा पत्ता देणारा एचरेफ. क्लिक केल्यावर जावास्क्रिप्टने पान बदलणारा डबा माणसासाठी लिंक असतो, बॉटसाठी नसतो. ‘आणखी दाखवा’ बटणही तो दाबत नाही. बटण ठेवायचं तर ठेवा, पण त्याच्या पोटात पुढच्या पानाची खरी लिंक असू द्या, आणि त्या पुढच्या पानाला स्वतःचा पत्ता. पान दोन, तीन, चार यांची कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवू नका. तसं केलं तर दुसऱ्या पानापासूनचा माल आपण होऊन झाकल्यासारखं होतं. पुढचं-मागचं पान दाखवणारे ‘रेल नेक्स्ट’ आणि ‘रेल प्रीव्ह’ गुगल वापरत नाही, हे त्यांनी २०१९ मध्येच सांगितलंय; असले तर राहू द्या, त्यात वेळ घालवू नका.

आता खोलीचा हिशोब. साडेचार हजार नग, पानावर वीस, म्हणजे सव्वादोनशे पानं. खाली फक्त ‘पुढे’ एवढीच लिंक असेल तर शेवटचा माल सव्वादोनशे क्लिकवर. इतक्या आत जायचा उत्साह कुणाला नसतो. त्याऐवजी मालाचे जे गट दुकानात आधीच असतात तेच साइटवर आणा: डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, त्यात ६०००, ६२००, ६३०० या सीरिज, टेपर रोलर, पिलो ब्लॉक. होमवरून गट, गटावरून सीरिज, सीरिजवरून नग. तीन-चार क्लिकमध्ये कुठलाही माल. दुकानातला जुना सेल्समन ही मांडणी कागदावर दहा मिनिटांत काढून देईल. डेव्हलपरला विचारण्याआधी त्याला विचारा.

पायरी ४: फिल्टर आवरा

नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर. यादीवर ब्रँड १५, सीलचे प्रकार ८, आतल्या व्यासाची मापं ४० आणि क्रम लावायच्या पद्धती ४ असतील, तर नुसत्या गुणाकाराने १९,२०० पत्ते होतात. ‘काहीच निवडलेलं नाही’ हा पर्याय प्रत्येकात धरला आणि ब्रँड आधी की व्यास आधी हा क्रम उलटासुलटा झाला की संख्या आणखी फुगते. माल साडेचार हजार आणि पत्ते त्याच्या कितीतरी पट, त्यातली निम्मी पानं ‘काही सापडलं नाही’ म्हणणारी. बॉट त्यातच फिरत राहतो आणि खऱ्या मालाकडे जाणं लांबतं.

कोणती जुळणी लोक खरोखर शोधतात ते ठरवा. ‘अमुक ब्रँडची टेपर रोलर बेअरिंग’ शोधतात. तिला साधा, स्थिर पत्ता द्या, गटाच्या पानावरून लिंक द्या. ‘अमुक ब्रँड, किमतीप्रमाणे उतरत्या क्रमाने, पान सात’ कुणी शोधत नाही. असल्या पत्त्यांना बॉटपासून दूर ठेवायचं, आणि त्यासाठीची हत्यारं तीन आहेत, तिघांचं काम वेगळं.

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साइटवर ठेवायची छोटी फाइल बॉटला सांगते की इकडे येऊ नका. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही रीत २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) म्हणून रीतसर मानक झाली. क्रम लावणाऱ्या पॅरामीटरचे पत्ते इथे डिसअलाऊ करा, म्हणजे मना करा. पानाच्या हेडमधलं नोइंडेक्स सांगतं की या, वाचा, पण यादीत घेऊ नका. कॅनॉनिकल सांगते की हे अमक्या पानाचंच दुसरं रूप आहे. आता मेख अशी की पान रोबोट्समध्ये अडवलं तर बॉट आत येतच नाही, आणि आतलं नोइंडेक्स त्याला दिसत नाही. बाहेरून कुणी लिंक दिलेली असेल तर असा पत्ता वर्णनाशिवाय गुगलमध्ये दिसूही शकतो. म्हणून यादीतून पान काढायचं असेल तर आधी नोइंडेक्स लावा आणि दार उघडं ठेवा. ते निघून गेलं की मग अडवायचं तर अडवा. आणि गिऱ्हाइकांची बिलं, ऑर्डरी वगैरे रोबोट्सने ‘लपवायची’ नसतात. ती फाइल जगात कुणालाही वाचता येते. तिथे लॉगिनच लागतं.

तारखांचंही असंच होतं. वाशीच्या बाजार समितीतले कांदा-बटाट्याचे रोजचे भाव दाखवणारी साइट बनवली आणि कॅलेंडरला ‘पुढचा दिवस’ अशी लिंक ठेवली, तर बॉट खुशाल २०९० सालापर्यंत चालत जाईल. ज्या तारखेला नोंद नाही तिथे लिंकच काढू नका आणि पत्ता कुणी हाताने टाकलाच तर ४०४, म्हणजे ‘असं पान नाही’ हे उत्तर, द्या. माझं मत विचाराल तर रोजच्या भावाला रोज वेगळं पान नकोच. ‘वाशी कांदा भाव’ असं एकच पान, वर आजचा भाव, खाली मागच्या दिवसांचा तक्ता. शोधणारा आजचाच भाव शोधत असतो.

पायरी ५: साइटमॅप डेटाबेसमधूनच काढा

साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पत्त्यांची बॉटसाठी केलेली यादी. हाताने बनवलेला साइटमॅप दुसऱ्या दिवशी शिळा होतो. रोज रात्री क्रॉनने (सर्व्हरवर ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) एक क्वेरी चालवा: जो माल चालू आहे त्याचा पत्ता आणि शेवटच्या बदलाची तारीख. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा उघड्या आकारात ५० एमबी ही मर्यादा आहे. त्याहून जास्त झालं तर अनेक फाइली आणि त्यांची एक अनुक्रमणिका.

‘लास्टमॉड’ म्हणजे हीच शेवटच्या बदलाची तारीख; तिच्याबाबत प्रामाणिक राहा. रोज रात्री सगळ्या नगांवर आजची तारीख ठोकणाऱ्या स्क्रिप्टा पुष्कळ आहेत. गुगल ही तारीख खरी निघत असेल तरच मानतो, एकदा ती बेभरवशाची वाटली की तिच्याकडे बघणं सोडतो. साइटमॅपमधले ‘प्रायॉरिटी’ आणि ‘चेंजफ्रीक’ हे रकाने तर तो पाहतच नाही.

साडेचार हजार पत्ते एका फाइलमध्ये सहज मावतात, तरीही मी गटवार फाइली करायला सांगेन. कारण सर्च कन्सोलमध्ये अहवाल साइटमॅपनुसार गाळता येतो. पिलो ब्लॉकची पानं जवळपास सगळी आत आणि टेपर रोलरची निम्मी बाहेर, असं दिसलं की कुठे हात घालायचा ते कळतं.

फाइल सर्च कन्सोलमध्ये एकदा द्या आणि रोबोट्समध्ये तिची ओळ घाला. साइटमॅप बदलला की गुगलला पिंग करायची, म्हणजे तसं कळवायची, जुनी सोय २०२३ मध्ये बंद झाली. बिंगसाठी इंडेक्सनाऊ आहे, २०२१ पासून; माल बदलला की पत्ता लगेच कळवता येतो, एका विनंतीत १०,००० पर्यंत. गुगल त्यात नाही.

पायरी ६: पानावर वाचण्यासारखं काहीतरी असू द्या

पत्ता आहे, रस्ता आहे, बॉट आला, त्याने वाचलं, आणि तरीही पान घेतलं नाही. असं का? कारण साडेचार हजार पानांवर नंबर सोडला तर सगळं तेच: लोगो, ‘किमतीसाठी चौकशी करा’, फोन, पत्ता.

डेटाबेसमध्ये जे रकाने आहेत ते पानावर आणा. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, रुंदी १५. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. धूळ-पाणी असेल तिथे रबरी बरं. शेजारची मापं कोणती, स्टॉक आहे का, वागळे इस्टेटच्या दुकानातून हातोहात मिळेल की मागवावं लागेल. शीर्षक साच्यातून बनवा, पण साचा असा असू द्या: ‘६२०५ झेडझेड बेअरिंग, २५×५२×१५ मिमी’, आणि दुकानाचं नाव त्यानंतर. सगळ्या पानांच्या शीर्षकात आधी दुकानाचं नाव आलं की शोधणाऱ्याला ती सारखीच दिसतात. किंमत, ब्रँड, उपलब्धता स्कीमा डॉट ऑर्गच्या (यंत्राला वाचता येईल अशा माहितीचे ठरलेले साचे) प्रॉडक्ट नमुन्यात घातली तर तेही चांगलं, पण पानावर नाही ते तिथे लिहायचं नाही.

आता एका गोष्टीपासून सावध करतो. एसईओचं, म्हणजे साइट गुगलमध्ये वर आणायचं, पॅकेज विकायला येणारे हमखास सुचवतात: ‘बेअरिंग कळवा’, ‘बेअरिंग कोपरी’, ‘बेअरिंग ऐरोली’, ‘बेअरिंग रबाळे’, ‘बेअरिंग महापे’, अशी गावागावाची पानं डेटाबेसमधून पाडू. मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं वेगळं. गुगल याला डोअरवे पेज म्हणतो आणि ते त्याच्या स्पॅम धोरणात बसतं. तुमचं ठाण्यात एक दुकान आणि महाप्यात एक गोडाऊन असेल तर दोन पानं करा, खरा पत्ता, खरी वेळ, टेम्पो कुठवर जातो ते लिहा. तितकं पुरतं.

पायरी ७: मजकूर मराठीत असेल तर

ठाण्या-नवी मुंबईतल्या संस्था, वाचनालयं, गृहनिर्माण सोसायट्या यांच्याकडे पंचवीस-तीस वर्षांचा मराठी डेटा असतो आणि तो अनेकदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो: श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकचे डीव्हीबी फॉन्ट. पडद्यावर मराठी दिसतं, पण डेटाबेसमध्ये पडलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. गुगल तीच वाचतो. अशा पुस्तकयादीला कितीही सुंदर पत्ते द्या, लेखकाच्या नावाने ती सापडणार नाही. आधी कन्व्हर्टरने सगळं युनिकोड करा, मग जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी माणसाकडून तपासून घ्या. कन्व्हर्टर तिथेच घसरतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

पत्ता देवनागरीत ठेवला तरी गुगलला चालतो. पण कॉपी केल्यावर त्याची टक्केचिन्हांची माळ होते: एकटा ‘ठाणे’ शब्द ३६ अक्षरांचा होतो. म्हणून मी स्लग, म्हणजे पत्त्यातला नावाचा तुकडा, रोमनमध्ये आणि शीर्षक, मजकूर मराठीत ठेवतो.

साइट मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असेल तर दोघांना वेगळे पत्ते द्या आणि एचरेफलँगने (याच पानाचं दुसऱ्या भाषेतलं रूप कुठे आहे ते सांगणारी ओळ) जोडा. कुकी बघून किंवा ब्राउझरची भाषा बघून त्याच पत्त्यावर भाषा बदलू नका. गुगलबॉट भाषेची पसंती कळवत नाही आणि बहुतेक वेळा अमेरिकेतूनच येतो. त्याला कायम इंग्रजी पान मिळेल आणि मराठी पान आहे हे त्याला कळणारच नाही.

पायरी ८: संपलेला माल आणि रुसलेला डेटाबेस

माल तात्पुरता संपला असेल तर पान राहू द्या, ‘सध्या स्टॉक नाही’ म्हणा, जुळणारा दुसरा नग सुचवा. कायमचा बंद झाला आणि जागी दुसरा आला तर ३०१. दुसरा काहीच नसेल तर ४०४ किंवा ४१० (पान कायमचं गेलं). सगळी मेलेली पानं होमवर वळवणं ही पळवाट आहे. गुगल त्यांना सॉफ्ट ४०४, म्हणजे तसं न सांगता ‘पान नाही’ असणारी पानं, म्हणूनच धरतो.

त्याहून वाईट म्हणजे डेटाबेस बंद पडला, पानावर ‘टू मेनी कनेक्शन्स’ उमटलं आणि सर्व्हरने स्टेटस मात्र २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, दिला. बॉटच्या दृष्टीने तोच तुमचा नवा मजकूर. अशा वेळी ५०३, म्हणजे ‘सध्या सेवा बंद’, जायला हवा, म्हणजे तो नंतर पुन्हा येतो. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर हे वारंवार होत असेल तर आधी स्लगच्या रकान्यावर डेटाबेसचा इंडेक्स आहे का ते बघा. तो नसेल तर प्रत्येक पानासाठी सगळं टेबल चाळलं जातं.

पायरी ९: मग वाट बघा, पण डोळे उघडे ठेवून

सर्च कन्सोलमधल्या दोन ओळी नीट ओळखा. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता कळलाय, पण बॉट अजून आलेला नाही. तेव्हा पत्त्यांचा पसारा, सर्व्हरचा वेग आणि आतल्या लिंका तपासा. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे येऊन वाचून गेला आणि घेतलं नाही. तेव्हा पायरी सहाकडे जा.

‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ बटणाला रोजची मर्यादा आहे. ते गटांच्या आणि सीरिजच्या पानांसाठी वापरा. त्यांवरच्या लिंकांनी बॉट नगांपर्यंत जातो. काही दिवस ते काही आठवडे लागतात.

आणि सर्व्हरच्या लॉगवर अधूनमधून नजर टाका. गुगलबॉटचं नाव लावून भलतेच बॉटही येतात, त्यामुळे आयपीवरून उलट डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) बघून ते नाव गुगलबॉट डॉट कॉमचं निघतं का, आणि त्या नावावरून परत तोच आयपी येतो का, हे तपासा. होस्टिंगवाल्याची फायरवॉल खऱ्याला अडवत आणि खोट्याला सोडत असेल, तर वरच्या आठही पायऱ्यांआधी त्याच्याकडेच तक्रारीचं तिकीट टाकावं लागेल.